पाठीच्या दुखण्यांची नावे



वसंत व्याख्यानमालेत वैद्याला बोलावले म्हणजे तो मधुमेहावर, रक्तदाबावर, फार तर उन्हाळ्यातील आहारावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'पाठीच्या दुखण्यांची नावे' असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नावे की उपाय?" मी म्हटले, नावेच. उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. तेल विकणारा सांगतो, पट्टा विकणारा सांगतो, शेजारीण तर न विचारता सांगते. परंतु ज्याच्यावर उपाय करायचा त्याचे नाव काय आहे, हे कोणी धड सांगत नाही, आणि त्यामुळे काय होते ते मी पस्तीस वर्षे या जिल्ह्यात पाहत आलो आहे. मी शस्त्रक्रिया करणारा नव्हे. साधा, घरोघरचा डॉक्टर. तेव्हा बोलणेही साधेच होईल.

काही वर्षांमागची गोष्ट सांगतो. पस्तिशीतील एक शेतकरी बाई, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, माझ्या दवाखान्यात आणली. पाय लटपटत होते. दीड वर्षापासून पाठ दुखत होती. "डागदरसाहेब, हिले स्पॉन्डिलायटिस हाये," नवऱ्याने सांगितले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. अगदी जुन्या कागदावर कोणा डॉक्टरने खरोखरच तो शब्द लिहिला होता, त्यापुढे प्रश्नचिन्ह केले होते आणि खाली एक तपासणी सुचवली होती. ती तपासणी झाली नव्हती. कारण घरी गेल्यावर शब्द वाचला गेला, आणि तो शब्द सर्वांच्या ओळखीचा निघाला. सासऱ्यांना मानेचा स्पॉन्डिलायटिस होता, शाळेतल्या गुरुजींना होता, पोस्टातल्या बाबूंनाही होता. गळ्यात पट्टा घालून हिंडतात, काही मरत नाहीत. मग हिचे काय एवढे? तेल लावा, शेका. दीड वर्ष शेकले. बाईचे वजन घटत गेले, संध्याकाळी अंगात कणकण येई, पाठीवर एक मणका बोटाला लागेल इतका वर आला होता. तो मणक्याचा क्षयरोग होता.

यातली चमत्कारिक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. कागदावरचा शब्द चुकीचा नव्हता! तो अक्षरशः बरोबर होता. चुकीचा होता तो आपण सर्वांनी त्या शब्दाला दिलेला अर्थ.

'स्पॉन्डिलॉस' म्हणजे ग्रीक भाषेत मणका. वैद्यकातील शब्द बहुधा असेच असतात: पुढे एक ग्रीक किंवा लॅटिन तुकडा, मागे दुसरा. पुढचा तुकडा कुठे ते सांगतो, मागचा काय झाले ते सांगतो. आता 'स्पॉन्डिलो' हे एकच डोके घेऊन चार शेपट्या हिंडतात. 'आयटिस' म्हणजे दाह; मणक्यांत आग पेटली आहे, मग ती जंतूंनी पेटवलेली असो की शरीराने स्वतःच. 'ओसिस' म्हणजे इथे झीज. 'लायसिस' म्हणजे सुटणे, तुटणे. मणक्याच्या मागच्या कमानीतील एक नाजूक पूल तडकतो, वेगवान गोलंदाजी करणाऱ्या तरुण पोरांत हे पुष्कळदा आढळते. आणि 'लिस्थेसिस' म्हणजे घसरणे. बाजार समितीच्या आवारात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी आपण पाहता. मधले एखादे पोते पुढे सरकले की वरची सारी थप्पी त्याबरोबर सरकते; हमाल लगेच ओरडतो. लिस्थेसिस म्हणजे ते सरकलेले पोते. किती सरकले, पाव की अर्धे की पाऊण, यावरून त्याच्या पायऱ्या ठरवल्या आहेत.

आपल्याकडे दहांपैकी नऊ लोक ज्याला स्पॉन्डिलायटिस म्हणतात तो खरे तर स्पॉन्डिलोसिस असतो. आग नसते, झीज असते. आणि झीज म्हणजे वयाचा हिशेब. केस पांढरे होतात तशा मणक्यांमधल्या गाद्या सुकतात. पाठ मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या शंभरांपैकी सदतिसांच्या गाद्यांत झीज दिसली, आणि ऐंशी वर्षांच्या शंभरांपैकी शहाण्णवांच्या! म्हणजे आज या मंडपात पहिल्या दोन रांगांत बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींची छायाचित्रे काढली तर जवळपास सर्वांच्या कागदावर हा शब्द उमटेल. त्यात घाबरण्यासारखे बहुधा काही नाही.

बहुधा, असे मी म्हटले. झीजही कधी माणसाला जेरीस आणते. बाबा आमटे आपल्या विदर्भातलेच, हिंगणघाटचे. त्यांच्या मानेचे आणि कमरेचे मणके इतके झिजले होते की त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे, तिसरी स्थिती नाही. त्याच अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ साली ते 'भारत जोडो' यात्रेला निघाले. तेव्हा 'ओसिस' म्हणजे हलके आणि 'आयटिस' म्हणजे भारी, अशी सरसकट वाटणी करू नका. माझे म्हणणे एवढेच की ही दोन निरनिराळी घरे आहेत आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

त्या बाईच्या उलट एक उदाहरण सांगतो. कारंजाकडचा एक तरुण, तेवीस-चोवीस वर्षांचा. पहाटे तीनच्या सुमारास पाठदुखीने जाग येई, सकाळी उठल्यावर तासभर पाठ लाकडासारखी ताठ. आणि गंमत अशी की शेतात काम करू लागला की बरे वाटे. घरचे म्हणत, आळस आहे, काम चुकवण्याची सोंगे. पण सोंग करणाऱ्याला कामाने बरे वाटत नसते! हा खरा, अस्सल स्पॉन्डिलायटिस होता. शरीराने आपल्याच मणक्यांत पेटवलेली आग, जी न विझवली तर वर्षानुवर्षांत मणके एकमेकांना जोडून टाकते आणि पाठ बांबूसारखी एकसंध होते. झिजेचे दुखणे कामाने वाढते, विश्रांतीने उतरते. आगीचे दुखणे विश्रांतीने वाढते, हालचालीने उतरते. ज्यांना चाळिशीच्या आत असे दुखणे लागले असेल त्यांनी ही एक खूण लक्षात ठेवावी. या पोराला औषध सुरू होईपर्यंत सहा वर्षे गेली होती. शब्द इतका स्वस्त झाला होता की खऱ्या रोग्याच्या हाती तो आला तेव्हा त्याला कोणी किंमत दिली नाही.

हे शेपटीचे झाले. आता डोक्याकडे येतो, आणि तिथे अधिक घोटाळा आहे.

'मायो' आणि 'मायलो'. मध्ये फक्त एक 'ल'. मायो म्हणजे स्नायू. मायलो म्हणजे मज्जा. गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ म्हणजे मायोमा. आपल्या घरांतून कितीतरी बायकांना असते आणि बहुतेकींना तिचा फारसा त्रासही होत नाही. मायलोमा हा अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग. तो मणके पोखरतो, रक्त कमी करतो, मूत्रपिंडे बिघडवतो. एकदा एका मुलाने आपल्या साठीच्या आईचा अहवाल मला दूरध्वनीवरून वाचून दाखवला. "सर, माह्या मायच्या रिपोटात मायोमा लिवलं हाये. थे त तिले पहिले बी झालं होतं, तवा पिशवी काढली होती." मी विचारले, पिशवी काढलेली असताना मायोमा कुठून येईल? आणि कमरेच्या मणक्याच्या चित्रात मायोमा कशाला दिसेल? अरे बाबा, एकेक अक्षर वाच. त्याने वाचले. 'ल' निघाला. त्या 'ल'ने त्या घराचे पुढचे एक वर्ष बदलून टाकले. औषधोपचार मात्र वेळेवर सुरू झाले, एवढे समाधान.

बरे, 'मायलो' म्हणजे मज्जा एवढे पाठ करून भागते का? नाही. ग्रीकांनी हाड फोडले तर आत मऊ गर सापडला. त्याला त्यांनी 'मायेलॉस' म्हटले. मणक्यांची माळ उघडली तर आतही मऊ दोरी सापडली. तिलाही त्याच नावाने हाक मारली. झाले! तेव्हापासून 'मायलो' या शब्दाची दोन बिऱ्हाडे आहेत. ऑस्टिओमायलायटिस म्हणजे हाडाचा आणि त्यातील मज्जेचा जंतुदाह. आणि नुसता मायलायटिस म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या रज्जूचा दाह. पोलिओचे पूर्ण नाव पोलिओमायलायटिस; 'पोलिओस' म्हणजे करडा, म्हणून रज्जूच्या करड्या भागाचा दाह. त्याचा हाडांच्या मज्जेशी काडीचा संबंध नाही. पोलिओ आपल्या देशातून गेला, २०११ च्या जानेवारीत शेवटचा रोगी सापडला. पण त्याचे नाव समजावून सांगण्यासारखे आहे, कारण या सभेत त्याची काठी हातात घेतलेली माणसे अजून आहेत.

ग्रीकांना हसण्याचे कारण नाही. आपण काय केले? हाडात आहे ती अस्थिमज्जा. कण्यात आहे तो मज्जारज्जू. अंगभर पसरलेले ते मज्जातंतू, आणि सगळे मिळून मज्जासंस्था. म्हणजे ग्रीकांचा दोन हजार वर्षांचा घोटाळा आपण जसाच्या तसा मराठीत आणून बसवला! पुढच्या विद्वानांना तो खटकला, म्हणून त्यांनी मेरुरज्जू हा शब्द चालवला, तंत्रिका चालवला. मला मेरुरज्जू आवडतो. पण दवाखान्यात मी तो वापरला तर रोगी माझ्याकडे असा पाहतो की जणू मी हिमालयाविषयी बोलत आहे.

आपल्या गावाचेच घ्या ना. वाशीम हे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वत्स ऋषींच्या तपाने देवांचा समूह, म्हणजे गुल्म, येथे येऊन राहिला, अशी माहात्म्यातील कथा. आता 'गुल्म' म्हणजे समूह; गुल्म म्हणजे झुडपांची जाळी; गुल्म म्हणजे सैन्याची तुकडी; आणि आयुर्वेदाच्या वैद्याला विचाराल तर गुल्म म्हणजे पोटातला गोळा. कोणी परका विद्यार्थी कोश घेऊन बसला आणि वत्सगुल्माचा अर्थ 'वासराच्या पोटातला गोळा' असा करू लागला, तर आपण त्याला काय म्हणू? म्हणू की बाबा, शब्द एकटा पाहू नकोस, तो कुठे उभा आहे ते पाहा. मायलोचेही तेच. शेजारी हाड आहे की रज्जू आहे ते पाहावे. आणि एक साधी खूण सांगतो. मेरुरज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, खाली नुसती मुळे लोंबतात. म्हणून कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याजवळ गादी सरकली तर दाबली जाते ती मूळ, रज्जू नव्हे. मूळ दाबले की पायात कळ उतरते. आपल्या आयुर्वेदाने तिला गृध्रसी म्हटले आहे. मानेत रज्जू दाबला गेला तर कदाचित कळ मुळीच येत नाही! सदऱ्याची बटणे लागत नाहीत, हातातला घास सांडतो, चालताना पायातली चप्पल निघून जाते आणि माणसाला कळत नाही. दुखत नाही म्हणून तो येत नाही. त्याने सर्वांच्या आधी यावे.

आता जोड्यांचे पाहू. 'हायपर' आणि 'हायपो', 'इंटर' आणि 'इंट्रा', 'पेरी' आणि 'पॅरा'. कानाला जुळी भावंडे. त्यांची ओळख आपल्याला फार सोपी आहे, कारण ती आपल्याच कुळातली आहेत. संस्कृतातला 'उपरि' आणि ग्रीकांचा 'हायपर' सख्खे भाऊ. आणि 'उपरि' झिजत झिजत आपल्या बोलण्यात 'वर' झाला. म्हणजे हायपर म्हणजे वर, हे पाठ करायला नको. 'हायपो' म्हणजे आपला 'उप', खालचा, कमी. 'पेरी' म्हणजे 'परि', सभोवार. परिसर, परिक्रमा, परिघ. 'डिस्' हा ग्रीक तुकडा म्हणजे आपला 'दुस्', दुष्काळ आणि दुर्गंधी यांतला. वैयाकरणांनी सांगितलेल्या बावीस उपसर्गांपैकी निम्मे जरी मनात ठेवले तरी वैद्यकाचा अर्धा कोश उघडतो.

हे ओळखणारा एक मोठा पंडित नागपूरला काम करून गेला. डॉ. रघुवीर. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि तिथल्या सरकारने त्यांच्याकडे परिभाषेचे काम सोपवले. प्रत्येक परक्या उपसर्गाला एक ठरलेला संस्कृत उपसर्ग द्यायचा आणि मग शब्द साच्यातून काढायचे, ही त्यांची रीत. लोकांनी त्यांची थट्टा केली, आजही करतात. त्यांचे कित्येक शब्द तोंडात बसले नाहीत हेही खरे. पण एका उपसर्गाला एकच प्रतिशब्द हा त्यांचा आग्रह मला डॉक्टर म्हणून योग्य वाटतो. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, आणि परिभाषेचे काम मराठीच्या वळणाने चालू झाले.

तरी एक जोडी सुटली नाही, ती म्हणजे इंटर आणि इंट्रा. इंटर म्हणजे दोहोंच्या मध्ये, इंट्रा म्हणजे एकाच्या आत. मराठीत पहिल्याला 'आंतर', दुसऱ्याला 'अंतः' किंवा 'अंतर्गत'. आता आंतरराष्ट्रीय लिहावे की अंतरराष्ट्रीय, यावर या व्याख्यानमालेत एक सबंध संध्याकाळ जाईल आणि शेवटी दोन गट चहाला वेगवेगळे बसतील! पण मणक्यात ही चूक महागात पडते. दोन मणक्यांच्या मधली ती इंटरव्हर्टिब्रल गादी. ती मागे सरकून नस दाबू शकते. तीच गादी वर-खाली, मणक्याच्या अंगात थोडी शिरली तर ते इंट्राव्हर्टिब्रल. ते बहुधा निरुपद्रवी असते, कित्येकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. एका सद्गृहस्थांनी ही दोन्ही एकच समजून, नसताना, शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकण्याची तयारी केली होती.

बाकांची नावेही अशीच. पाठ मागे फुगली की कायफोसिस, म्हणजे कुबड, पोक. कमर किंवा मान आत वळली की लॉर्डोसिस. बाजूला वाकली की स्कोलिओसिस. पण पहिले दोन बाक निसर्गानेच दिले आहेत. रोग म्हणायचे ते त्यांचे अति होणे किंवा उणे होणे, म्हणजे पुन्हा हायपर आणि हायपो. एका वकीलसाहेबांच्या अहवालात मानेचा लॉर्डोसिस नाहीसा झाल्याचे लिहिले होते. ते पेढे घेऊन आले. म्हणाले, रोग गेला! मी सांगितले की साहेब, जो गेला तो रोग नव्हता, तो बाक होता, आणि तो असायला हवा. लगेच चेहरा उतरला. मग सांगावे लागले की स्नायू आखडल्यानेही असे दिसते, काळजीचे कारण नाही. पेढे मात्र मी परत केले नाहीत.

आणखी एक शब्द, आणि तो बायकांसाठी मुद्दाम सांगतो. 'सर्व्हिक्स' म्हणजे लॅटिनमध्ये मान. गळ्याची मान ती सर्व्हिक्स, आणि गर्भाशयाची मान तीही सर्व्हिक्स. म्हणून मानेचे मणके सर्व्हायकल आणि गर्भाशयमुखाचा कर्करोगही सर्व्हायकल. मान दुखते म्हणून चित्र काढायला गेलेली एक बाई 'सर्व्हायकल' हा शब्द पाहून दोन दिवस जेवली नव्हती. तिची समजूत घालणे सोपे होते. अवघड असते ते उलट. गर्भाशयमुखाच्या तपासणीला बोलावले असता "मले मानीचा त्रास नाही, मी कायले येऊ," असे म्हणून जी घरी राहते, तिचे. अशाही भेटल्या आहेत.

आपण म्हणाल, हे सारे डॉक्टरांनी नीट सांगावे, आम्ही ग्रीक कशाला शिकावे? आक्षेप रास्त आहे. आम्ही कागदावर शब्द लिहितो, तो रोग्याच्या हाती देतो आणि पुढच्याला आत बोलावतो. बाहेर साठ माणसे बसलेली असतात. मीही तेच केले आहे. कदाचित माझ्याच एखाद्या कागदामुळे कोणी दीड वर्ष शेकत बसले असेल. म्हणून अलीकडे मी एक करतो. इंग्रजी शब्दाच्या खाली मराठीत एक ओळ लिहितो: 'मणक्याची झीज', 'मणक्याचा दाह, जंतू आहेत का पाहावे', 'मूळ दाबले आहे', 'रज्जू दाबला आहे, थांबू नये'. आणि पाठदुखीबरोबर ताप, घटते वजन, पायांतली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल, तर कागदावर कोणताही शब्द असो, त्याच दिवशी यावे, हे तोंडाने सांगतो.

ती बाई बरी झाली. मणक्याच्या क्षयाला फुप्फुसाच्या क्षयासारखे सहा महिने पुरत नाहीत, साधारण वर्षभर किंवा त्याहून अधिक औषध घ्यावे लागते. तिने ते एक दिवसही न चुकता घेतले. चौदा महिन्यांनी ती स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून आली. पाठीवरचा उंचवटा राहिला, तो राहणारच. कागदांची तीच पिशवी होती, पण वरच्या पुठ्ठ्यावर तिच्या शाळकरी मुलाने जाड निळ्या शाईने आईचे नाव लिहून त्याखाली 'मणक्याचा क्षय – औषध पूर्ण' असे लिहिले होते, आणि 'पूर्ण' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

अध्यक्षांनी मघाशी घड्याळ दाखवले.  ज्यांनी कागद बरोबर आणले आहेत त्यांनी ते व्यासपीठाच्या डाव्या बाजूला घेऊन यावे, मी थोडा वेळ थांबणार आहे.